खारबांधाची राखण

कोकणात खाडीकाठच्या जमिनीला दिवसातून दोनदा भरतीचे पाणी लागते. मुंबईच्या आसपास उधाणाच्या भरती-ओहोटीत पाच मीटरांपर्यंत फरक पडतो. गोव्यात तो दोन मीटरांच्या थोडा पुढे जातो. पावसाळ्याचे चार महिने डोंगरातून उतरणारे गोडे पाणी खाऱ्या पाण्याला मागे रेटते आणि उरलेले आठ महिने खारे पाणी पुन्हा आत सरकत राहते. या ओढाताणीतून तयार झालेल्या दलदली, चिखलपट्टे, खारफुटीची बने, मिठागरे आणि बांध घालून काढलेली भाताची शेते यांना आता सरसकट ‘किनारी पाणथळ’ म्हणतात. शब्द अलीकडचा आहे. त्या जमिनीची तब्येत पाहत राहण्याचे काम मात्र फार जुने. ते कुणी करायचे आणि तब्येत म्हणजे नेमके काय, याची उत्तरे तेवढी वेळोवेळी बदलली.

फोंड्याजवळच्या बांदिवडे येथे कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मा याचा ताम्रपट सापडला आहे. त्याचा काळ सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. त्यात ‘खज्जन’ जमिनीचे दान आहे आणि ती लागवडीखाली आणण्यासाठी दिलेली आहे. गोव्यात आज ज्याला खाजन आणि मराठीत खाजण म्हणतात, तो शब्द हाच. म्हणजे खाडीला बांध घालून तिच्या पोटातून शेत काढण्याची विद्या तेव्हाच इतकी रुळलेली होती, की अशा जमिनीला स्वतःचे नाव होते.

खाजणाची रचना साधी दिसते, पण तिला सतत डोळा लागतो. नदीच्या बाजूला चिखल, पेंढा आणि चिऱ्याच्या दगडांचा बाहेरचा बांध. त्यात ठरावीक जागी ‘मानस’, म्हणजे पाण्याच्या दाबावर चालणारी लाकडी दारे. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने दार बाहेर उघडते, भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याने आपोआप मिटते. मानशीच्या आत ‘पोंय’, म्हणजे शेतांच्या पातळीखालचा रुंद चर. पावसाचे जादा पाणी त्यात उतरते आणि चुकून शिरलेले खारे पाणीही त्यातच थांबते, शेतावर चढत नाही. या व्यवस्थेवर पावसाळ्यात कोरगुट, आसगो यांसारखी खारेपण सोसणारी भाते निघत. मानशीच्या तोंडाशी मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होई आणि त्या उत्पन्नाचा बांधाच्या डागडुजीला आधार असे. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर भरते.

हे सगळे चालवी ती गावकारी, म्हणजे गावाची सामायिक संस्था. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया याने गावांच्या रूढी ‘फोराल’ या सनदेत लिहून काढल्या. ही व्यवस्था पोर्तुगीजांनी निर्माण केलेली नाही. ती त्यांना तयार सापडली आणि महसूल बुडू नये म्हणून त्यांनी ती नोंदवली. पुढे कोमुनिदादींच्या, म्हणजे याच गावकाऱ्यांच्या, संहिता झाल्या, त्यातली शेवटची १९६१ ची. खाजणात जमीन कसणाऱ्यांच्या संघाला ‘बोव्स’ म्हणत आणि बांधाची निगा हे त्याचे मुख्य काम असे. एका शेतकऱ्याने आपला तुकडा कितीही नीट राखला तरी शेजारच्या हद्दीत बांध फुटला तर दोघांचेही भात जाते. त्यामुळे खाजणातली देखरेख कधीच खासगी राहू शकत नव्हती.

उत्तरेकडे ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत याच जमिनीला ‘खार’ म्हणतात, बांध घालण्याला खारबंदिस्ती आणि दाराला उघाडी. अलिबाग-पेणचा खारेपाट हा तिचा सर्वात सलग पट्टा. पेण भागातल्या बऱ्याच खारी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पैसेवाल्या माणसांनी बांधून काढल्या. बाहेरचा बांध घालणारा तो शिलोत्रीदार. त्याच्या दुरुस्तीपोटी तो कुळांकडून भाताच्या रूपाने शिलोत्रा घेई. जिथे असा धनिक नव्हता तिथे ‘जोळ’ होता. गावच्या खारीतल्या सगळ्यांनी पाळीपाळीने अंगमेहनत द्यायची आणि बांध राखायचा, अशी ही रीत. जोळाला लेखी घटना नव्हती. उधाणाच्या रात्री हाक आली की जायचे, हा त्याचा नियम.

या राखणीत नेमके काय पाहिले जाई, हे समजून घेण्यासारखे आहे. बांध एकदम फुटत नाही. चिंबोरी त्यात बीळ करते. बाहेरच्या अंगाने बीळ दिसत नाही, पण भरती चढली की बांधाच्या आतल्या उतारावर हाताच्या पंज्याएवढा ओला डाग उमटतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी तिथवर पोहोचतच नाही, म्हणून डाग दिसत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला दिसतो. त्याच वेळी बीळ खणून काढून घट्ट चिखलाने आणि पेंढ्याने बुजवले तर काम दोन माणसांचे असते. पुढच्या उधाणापर्यंत राहिले तर डागाची झिरप होते, झिरपीची धार होते आणि धारेबरोबर माती वाहू लागली की खांड जाते, म्हणजे बांध फुटतो. खांड बुजवायला गाव लागतो. म्हणून बांधावरून चालण्याचे दिवस पंचांगावरून ठरत.

बांधाच्या आतली तपासणी वेगळी. उन्हाळ्यात शेतावर मिठाचा पांढरा पापुद्रा किती जाड येतो, पहिल्या पावसाच्या किती सरींनी तो धुऊन जातो, चराचे पाणी जिभेला कधी मचूळ लागते आणि कधी गोडे, यावरून पेरणीचा दिवस ठरे. काही खारींत रोप लावण्याऐवजी मोड आणलेले बी थेट चिखलात फेकत. त्याला रहू म्हणतात. कोवळ्या मोडाला खार सोसत नाही, म्हणून ही चव घेण्यात चूक परवडत नसे. शेतात मोरस ही खाऱ्या जमिनीतली वनस्पती माजली तर जमीन पुन्हा खारवत चालल्याची ती खूण. बांधाच्या बाहेर तिवर आणि चिपी ही खारफुटी दाट असावी, कारण ती लाटेचा मार अंगावर घेते. तीच बांधाच्या आत उगवली तर तो जमिनीचा रोग. एकच झाड बांधाच्या एका बाजूला आरोग्याचे लक्षण आणि दुसऱ्या बाजूला आजाराचे. पुढच्या काळातल्या मोजण्यांमध्ये हा भेद टिकला नाही.

इंग्रजी अमलात खाडीकडे पाहणारे दुसरे लोक आले. महसूल खात्याला बांधाच्या आतली बिघेवारी हवी होती, मीठ खात्याला मिठागरे, बंदर खात्याला पाण्याची पातळी. मुंबईत अपोलो बंदरावरच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासून मिळतात. आशियातल्या सर्वात लांब अशा मालिकांपैकी ती एक आहे. समुद्राची पातळी किती चढली हे सांगताना आज ती हाताशी लागते. ती सुरू करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मात्र बंदरात ये-जा करणारी जहाजे होती.

खारफुटीकडे झाड म्हणून पाहणारे अगदी थोडे. सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या खारफुटीवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्याच नियतकालिकात १९५१ मध्ये नवलकरांनी मुंबई आणि साष्टी बेटांवर कोणत्या खारफुटीमागून कोणती येते, याचा क्रम मांडला. नव्या चिखलावर आधी कोण रुजते, जमीन उंचावली की कोण येते, हे कळले तर झाडे पाहून खाडी कुठे गाळाने भरते आहे ते ओळखता येते. खारेपाटातल्या माणसाला हे कामापुरते ठाऊक होते. नवलकरांनी ते इतरांना तपासता येईल अशा रूपात आणले. विशेष म्हणजे पुढे महाराष्ट्रातल्या खारफुटीच्या अभ्यासाचे एक मोठे केंद्र समुद्रकाठी नव्हे, तर घाटावर, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात उभे राहिले. तिथल्या लीला भोसले यांनी राज्यातल्या खारफुटीची क्षेत्रमार्गदर्शिका तयार केली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अरविंद उंटवाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडवी-जुवारीच्या काठाने हेच काम पायी आणि होडीने केले.

दरम्यान बांधावरची माणसे कमी होत गेली, आणि त्याचे कारण वाईट नव्हते. १९३३ ते १९३९ या काळात चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली केलेला संप याच खारेपाटातला. खोतीच्या जाचाविरुद्धचा तो लढा न्याय्य होता. स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला, खोती गेली, कसणाऱ्याला जमीन मिळाली. खोताचा हक्क गेला तशी बांध राखण्याची त्याची जबाबदारीही गेली. ती घ्यायला मुंबई प्रांताने १९४८ मध्ये खारजमीन कायदा करून मंडळ नेमले. महाराष्ट्राने १९७९ मध्ये खारजमीन विकास कायदा केला. गोव्यात १९६४ चा कूळकायदा आणि १९७६ ची ‘कसेल त्याची जमीन’ ही दुरुस्ती यांनी तेच केले. गावकारीकडून बांध कुळांच्या संघटनांकडे आले. त्यांपैकी बऱ्याच नावापुरत्या उरल्या. मासेमारीचा लिलाव टिकला, पण मासे आत घेण्यासाठी मानस भलत्या वेळी उघडण्याला आळा राहिला नाही. नद्यांतून खनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी बांध पोखरले ते वेगळेच.

सरकारी योजनांनी काम केले नाही असे नाही. कोकणात शेकडो खारभूमी योजना झाल्या, पक्क्या उघाड्या बसल्या. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काळा राता आणि भुरा राता या देशी भातांच्या वारशावर पुढे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे वाण दिले. पण योजना अंदाजपत्रकावर चालते आणि बांध उधाणावर. ओला डाग दिसल्यापासून मंजुरी येईपर्यंत किती उधाणे जातील, याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नव्हता. जोळाची जी मोठी ताकद होती, ती गावाच्या अंगमेहनतीपेक्षा तत्परतेत होती. सरकारने मेहनतीची जागा भरून काढली, तत्परतेची नाही.

१९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितले. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने त्याला कायद्याचे रूप दिले आणि खारफुटीला सर्वात कडक संरक्षणाच्या वर्गात घातले. आता भरतीरेषा कुठे आणि खारफुटी कुठवर, हे नकाशावर दाखवणे भाग होते. ज्या जमिनीवर गुडघाभर चिखलातून चालावे लागते, तिची पाहणी आकाशातून करण्याचे दिवस आले.

भारतीय वन सर्वेक्षणाने १९८७ मध्ये खारफुटीचा पहिला आढावा दिला. त्यात महाराष्ट्रात १४० चौरस किलोमीटर खारफुटी होती आणि गोव्यात शून्य. त्याच काळात उंटवाल्यांसारखे संशोधक गोव्याच्या नदीकाठांवर सुमारे २० चौरस किलोमीटर खारफुटी असल्याचे सांगत होते. दोघेही आपल्या परीने बरोबर होते. तेव्हाच्या उपग्रहचित्राचा एक ठिपका जमिनीवरचे ८० मीटर झाकी आणि ४०० हेक्टरांपेक्षा लहान क्षेत्र नकाशावर उतरतच नसे. गोव्याची खारफुटी म्हणजे बांधाच्या कडेने, नदीच्या वळणांनी गेलेली अरुंद झालर. ती त्या चाळणीतून गळून पडली. पुढे ठिपका २३.५ मीटरांवर आणि लहानात लहान क्षेत्र एक हेक्टरवर आले, आणि गोव्याचा आकडा २००१ मधल्या ५ वरून २००३ मध्ये १६ झाला. दोन वर्षांत एवढी झाडे वाढत नाहीत. नजर वाढली.

महाराष्ट्राचा आकडाही याच तऱ्हेने वाचावा लागतो. १९९९ मध्ये १०८, २००५ पासून २०१३ पर्यंत एकसारखा १८६, २०१५ मध्ये २२२, २०१७ मध्ये ३०४, २०२१ मध्ये ३२४. यात खरी वाढ नक्कीच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी तोडण्यावर आणि तिच्याभोवती ५० मीटरांत बांधकामावर बंदी घातली. २०१८ च्या अंतिम निकालात खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला. २०१२ मध्ये राज्याच्या वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, रोपवाटिका झाल्या, जमिनी राखीव वन म्हणून नोंदल्या गेल्या. २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. पण काही वाढ बारीक नजरेची आहे, काही गाळाने भरलेल्या चिखलपट्ट्यांवर आपसूक रुजलेल्या तिवरांची, आणि काही खांड गेल्यावर पाण्याखाली राहिलेल्या भातशेतांची. आकड्यात हे सगळे एकाच हिरव्या रंगाचे आहे.

ठाण्याच्या खाडीत ही गुंतागुंत सर्वात स्पष्ट दिसते. १९९० च्या दशकापासून तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी मोठ्या संख्येने उतरू लागले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोजण्यांत त्यांची संख्या पुढे लाखावर गेली. ऑगस्ट २०१५ मध्ये १,६९० हेक्टरांचे रोहित पक्षी अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीचे ६,५२१ हेक्टर रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ, ठरले. गुलाबी थवे पाहून खाडी ठणठणीत आहे असे वाटणे साहजिक आहे. मात्र रोहित पक्षी चिखलातले शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात, आणि शहराच्या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर ते शेवाळ फोफावते असे अभ्यासक मानतात. शिवाय त्यांना उघडा चिखल लागतो. खारफुटी चिखलावर पसरली की त्यांची जागा कमी होते. झाडे मोजणाऱ्याला जी सुधारणा, ती पक्षी मोजणाऱ्याला घट. निवटी आणि कालवे काढणाऱ्या कोळणीला विचारले तर तिसरे उत्तर येते, आणि ते या दोन्ही तक्त्यांत नाही.

सर्व पाणथळांची मोजदाद अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने केली. २०११ मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरांपेक्षा मोठी २,०१,५०३ पाणथळे आहेत आणि त्यांत मिठागरांनाही जागा आहे. १९७१ च्या रामसर कराराच्या व्याख्येत तर ओहोटीला सहा मीटरांपर्यंत खोल असलेले समुद्राचे पाणी, भातखाचरे आणि मिठागरे हे सगळेच येते. भारत १९८२ पासून या कराराचा सदस्य आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र भातशेती आणि मिठासाठी किंवा मत्स्यशेतीसाठी केलेले जलाशय व्याख्येबाहेर ठेवले. खाजण आणि खार या दोन्ही व्याख्यांच्या फटीत सापडतात. बांध शाबूत असून भात पिकत असेल, तर ती जमीन या नियमांपुरती पाणथळ नाही. बांध फुटून तिवर आली, की तीच जमीन किनारा नियमनाच्या सर्वात कडक वर्गात जाते आणि तिथे बांध दुरुस्त करायलाही परवानगी लागते.

अलिबाग आणि पेण तालुक्यांत अशी शेते आहेत. २०२३ च्या वन अहवालात महाराष्ट्राची खारफुटी ३१५ चौरस किलोमीटर दाखवली आहे. त्यातली किती जुन्या खारबांधांच्या आतली, याचा वेगळा रकाना अहवालात नाही. त्या शेतांच्या सातबाऱ्यावर अजून भात लिहिलेले आहे.